डीफॉल्टमधून गेलेला आवाज

“न्हाई कळत आता काय त्यातलं,” पप्पा म्हणाले. “पण पोरगी लय राबती त्याच्यापायी. म्हणून बसतो लावून.”

मी दाराच्या आत उभी होते, हातात चहाचे दोन कप. बाहेर ओट्यावर पप्पा आणि त्यांचे डेपोतले जुने सोबती बसले होते. त्यांना मी काका म्हणते. देहूरोडच्या डेपोत दोघं एकाच ऑफिसात टायपिंग करायचे, एकाच लोकलने जायचे-यायचे, आणि रिटायर झाल्यावर दोघंही वराळ्यातच राहिले. आमच्या घरासमोर नव्या सोसायटीचं बांधकाम चालू आहे. त्या रविवारी तिथला मिक्सर बंद होता, म्हणून मला ऐकू आलं.

“मग सांग की तिला तसं,” काका म्हणाले.

“काय सांगू? रविवारचा सगळा दिस तिचा त्यात जातो. उठून इचारती, पप्पा, आता बरं वाटतंय का? मी म्हणतो, व्हय, एक नंबर.”

“आन् पेपरचं काय?”

“पेपरचं तू सांगतो की येऊन. चाललंय.”

“म्हंजी मी मास्तर झालो म्हण.”

“तू कसला मास्तर? मास्तर निदान वाचता वाचता तंबाखू मळत न्हाई.”

दोघं हसले. मी कप घेऊन परत स्वयंपाकघरात आले.

“दिला नाहीस?” मम्मीने विचारलं.

“फार गरम आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं, कप उचलले आणि स्वतःच बाहेर नेऊन दिले.

मास्तर म्हणजे आमच्या घरातला वाचणारा आवाज. पप्पांची नजर काचबिंदूने गेली. आधी कडेकडेने गेली, मग मधलीही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचले त्याला आता कोणीतरी वाचून दाखवायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं. आमच्या आळीत कोणाला काही पत्र आलं की ते पप्पांकडे यायचं. विहारातल्या सूचना तेच मोठ्याने वाचायचे. मम्मी त्यांना पेपर वाचून दाखवायची, पण ती गाळायची. ओळखीतलं कोणी गेलं असेल तर ती बातमी तिच्या वाचनात यायचीच नाही. एकदा इंदोरीचा त्यांचा एक दोस्त गेल्याचं पप्पांना दशक्रिया होऊन गेल्यावर कळलं. त्यानंतर त्यांनी मम्मीला वाचायला सांगणं बंद केलं.

मी वाचायचा प्रयत्न केला होता. मी इंग्लिश मीडियमची. मराठी बोलते घरातलं, पण छापलेलं वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते. पप्पा लगेच दुरुस्त करायचे. त्यांना ते करावंच लागायचं, आणि मला ते लागायचं. चार बातम्यांनंतर आम्ही दोघंही दमलेलो असायचो.

मग मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी सिस्टिम टाकली आणि त्यात मराठी वाचणारा आवाज बसवला. फोन त्यांना जमला नाही. काचेवर बोट फिरवून काही सापडत नाही म्हणायचे, कुठे काय आहे ते हाताला लागत नाही. पण कीबोर्डवर त्यांची बोटं अजूनही डेपोतल्यासारखी पडतात. एक बटण दाबलं की पेपरचं मावळ पान यायचं आणि आवाज वाचायला लागायचा. दुधाचे दर, कुठल्या गावच्या यात्रेत कोणी कुस्ती मारली, रस्त्यासाठी कोणाची जमीन जाणार, कोण वारलं. आवाज सपाट होता. आनंदाची आणि दुःखाची बातमी त्याला सारखीच. पण तो काहीही गाळत नव्हता. पप्पांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं. पहिल्या दिवशी त्यांनी तेच पान तीनदा ऐकलं, आणि मग काठी घेऊन ओट्यावर जाऊन बसले, येणाऱ्याजाणाऱ्याला बातम्या सांगायला.

“झाला का तुमच्या मास्तरचा सकाळचा राऊंड?” मम्मी भाकरी थापता थापता विचारायची.

“तुझ्यापरीस खरा हाय तो,” पप्पा म्हणायचे.

आता माझ्या कामाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही एक लिनक्स तयार करतो. ‘तयार करतो’ म्हणजे जगभरातल्या लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम घेतो, आमच्या मशीनवर बांधतो, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम करतो, आणि त्यांची पॅकेजेस करून लोकांना देतो. बांधताना प्रत्येक प्रोग्रॅमला काही पर्याय असतात. हे घालायचं की नाही, ते घालायचं की नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर जे होतं ते डीफॉल्ट. लोणावळा स्टेशनबाहेर वडापाव मागितला की चटणी लावूनच मिळतो. नको असेल तर आधी सांगायचं. तीच चटणी डीफॉल्ट. आता समजा गाडीवाल्याने ठरवलं, उद्यापासून चटणी मागितली तरच द्यायची. तर त्याला पाटी लावावी लागेल. ती पाटी लिहिणं हे माझं काम. प्रत्येक आवृत्तीबरोबर मी एक पान लिहिते: कुठल्या पॅकेजमध्ये कुठला पर्याय पूर्वी चालू होता आणि आता बंद आहे, का बदलला, आणि जुनंच हवं असेल तर काय करायचं.

हे पान फारसं कोणी वाचत नाही. ज्याचं काही बिघडतं तो ते शोधत येतो, तेही शोधणं त्याला जमत असेल तर. मला या कामाची एकच गोष्ट आवडायची. त्यात कोणाशी बोलावं लागत नाही.

त्या पानावर एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं. हवं असल्यास हा पर्याय बांधणीच्या वेळी चालू करता येईल. किती वेळा मी ते लिहिलं असेल. वाचणाऱ्याला वाटतं, चला, काही गेलेलं नाही, फक्त एक कळ फिरवायची. पण काम करणाऱ्या कोणालाही विचारा. जे डीफॉल्टमध्ये नसतं ते रोज बांधलं जात नाही. जे बांधलं जात नाही ते तपासलं जात नाही. आजूबाजूचं सगळं बदलत राहतं आणि ते तिथेच राहतं, बंद खोलीतल्या पंख्यासारखं. एक दिवस कोणी कळ दाबतं आणि तो फिरत नाही. मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, हे तसंही चालत नाहीये, काढून टाकू. डीफॉल्टमधून काढणं ही पहिली पायरी असते. आम्हा सगळ्यांना ते माहीत असतं. तरी वाक्य तेच लिहितो.

काही वर्षांपूर्वी बदलांच्या यादीत वाचणाऱ्या आवाजाचं पॅकेज आलं. मुख्य भाषा राहणार होत्या. बाकीच्या भाषा एका पर्यायात एकत्र केल्या होत्या आणि तो पर्याय बंद होणार होता. कारण दिलं होतं, पॅकेज जड होतं आणि या भाषा कोणी तपासत नाही. त्या बाकीच्यांत मराठी होती.

आमच्या टीममध्ये एक रीत आहे. लीड, म्हणजे टीमचे प्रमुख, यादी वाचतात. एकेका बदलापाशी थांबतात. कोणी काही बोललं नाही तर तो बदल मंजूर. कोणी हरकत घेतली तर ती ऐकतात, आणि मग ते पॅकेज हरकत घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. इथून पुढे तू सांभाळ. त्यामुळे हरकत फार कमी लोक घेतात. टेस्टिंगमधली माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणते, “इथे तोंड उघडलं की प्रमोशन नाही, पोरगं दत्तक मिळतं.”

त्या दिवशी बैठक स्क्रीनवर होती. मी माइक चालू केला नाही. चॅटमध्ये टाइप केलं, पर्याय बंद करा, पण ठेवा, मी बघेन. लीडनी ते मोठ्याने वाचलं, “ग्रेट,” म्हणाले, आणि पुढच्या ओळीवर गेले. त्या आवृत्तीच्या पानावर मराठीसाठीचं ते वाक्य मीच लिहिलं. हवं असल्यास चालू करता येईल.

तेव्हापासून दर नव्या आवृत्तीला मी घरी ते पॅकेज तो पर्याय चालू करून बांधायचे आणि पप्पांच्या लॅपटॉपवर घालायचे. सुरुवातीला सोपं होतं. वराळ्याची वीज सोडली तर. बांधणी अर्ध्यात आली की वीज जायची, समोरच्या सोसायटीचा जनरेटर गुरगुरायला लागायचा आणि आमचं घर अंधारात. मग पुन्हा पहिल्यापासून. मम्मी म्हणायची, “कुकरच्या शिट्टीला पण एवढा वेळ नाही लागत तुझ्या त्या बांधणीला जेवढा लागतो.”

एकदा मी पॅकेज घातलं, पण त्याला धरून ठेवायला विसरले. धरून ठेवायचं म्हणजे मशीनला सांगायचं की याला हात लावू नकोस. ते न केल्यामुळे दुसऱ्या दिवशी आपोआप अपडेट आलं आणि माझं पॅकेज काढून कंपनीचं बसलं, म्हणजे आमचंच, मराठी नसलेलं. मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले तर पप्पा लॅपटॉपसमोर बसलेले. कीबोर्ड पुसून ठेवला होता. मम्मीने सांगितलं, सकाळपासून तिथेच आहेत, जेवायलाही उठले नाहीत धड.

“मी काय तरी भलतंच दाबलं वाटतं,” पप्पा म्हणाले. “मास्तर इंग्रजी बोलायला लागला. मराठी आलं की गप्प बसतो.”

“तुम्ही काही नाही केलं.”

“न्हाई, माझंच बोट गेलं असंल कुटंतरी.”

मी त्यांना काय झालं ते समजावून सांगायला हवं होतं. मी फक्त दुरुस्त केलं. आमच्यात जास्त बोलणं होत नाही. त्यांनी माझ्या शाळेसाठी ओव्हरटाइम केला, आणि त्या शाळेने मला अशी भाषा दिली की ज्यात आम्ही एकमेकांशी बोलू शकत नाही. असं काही ते म्हणाले नाहीत कधी. मीही नाही.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये आवाज बिघडत गेला. मूळ प्रोग्रॅममध्ये इंग्लिश सुधारायला आतली मोजमापं बदलली होती, आणि ती बदलताना बाकीच्या भाषांकडे कोणी पाहिलं नव्हतं. आवाज शब्दांचे शेवट गिळायला लागला. दोन वाक्यांच्या मध्ये थांबेना. मी मूळ लोकांना लिहिलं. ज्याने मराठी आवाज केला होता तो माणूस केव्हाच ते काम सोडून गेला होता. एकाने उत्तर दिलं, अगदी सभ्य, की आमच्यात ही भाषा कळणारं कोणी नाही, तू दुरुस्ती पाठव, आम्ही घेऊ. मला ध्वनिशास्त्र येत नाही. मी पुस्तकं मागवली, रविवार रविवार आकडे बदलून पाहिले. एक नीट केलं की दुसरं बिघडायचं. जुनाच आवाज ठेवावा म्हटलं तर तो नव्या साउंड सिस्टिमबरोबर चालेना, आणि सगळाच लॅपटॉप जुना ठेवला तर पेपरची साइट उघडेना.

“मास्तरला सर्दी झालीय वाटतं,” पप्पा सुरुवातीला म्हणायचे.

मी आकडे बदलायचे, मावळ पान लावायचे, ऐकायचे. मला कळायचं. त्यांना विचारायचे, आता? ते म्हणायचे, एक नंबर. मला वाटायचं, जरा का होईना, पुढे सरकतंय.

चहा परत आणला त्या रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसले. पप्पा जरा आडवे झाले होते. काका गेले होते. मी त्या दिवशीचं पान लावलं आणि रोजच्यासारखी पडद्यावर नजर ठेवून ऐकायला लागले. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी वाचतेय. हळू, अडखळत, पण वाचतेय. आवाज जो शब्द अर्धा सोडत होता तो माझे डोळे पूर्ण करत होते. जिथे तो थांबत नव्हता तिथे पूर्णविराम मला दिसत होता. एवढा काळ मी जे तपासलं ते सगळं असं, डोळे उघडे ठेवून.

मी लॅपटॉपचा पडदा खाली केला, भिंतीकडे तोंड केलं आणि पुढची बातमी लावली. नंतर त्याच्या पुढची. कोणत्या तरी गावाचं नाव होतं, काहीतरी मीटर होतं, ‘यांच्या हस्ते’ एवढं स्पष्ट आलं. एक बातमी बहुतेक कोणाच्या तरी निधनाची होती, कारण शेवटी ‘परिवार’ ऐकू आलं. कोण गेलं ते मला कळलं नाही. मी ती परत लावली. तरी नाही कळलं.

मम्मी दारात आली. “काय गं, भिंतीकडे तोंड करून काय ऐकतेस?”

“काही नाही.”

“तो काय म्हणतोय?”

“माहीत नाही.”

ती आत येऊन माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, “तुला वाटलं मला माहीत नाही? मी तर म्हणत होते त्यांना, सांगा पोरीला. म्हणाले, राहू दे, तिला तेवढंच माझ्यासाठी करायला सापडलंय.”

मी त्यानंतर पप्पांना काही बोलले नाही. काय बोलणार होते? तुम्ही खोटं सांगत होता, हे? ते मला सांभाळून घेत होते आणि मी त्यांना, आणि मध्ये तो आवाज कोणालाच न कळणारं काहीतरी वाचत बसला होता. पुढच्या रविवारीही मी बांधणी केली. वीजही गेली नाही त्या दिवशी. “आता?” मी विचारलं. “एक नंबर,” ते म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते हेडफोन कानावर दाबून बसले होते, मान थोडी वाकडी, डेपोत साहेब डिक्टेशन द्यायला लागले की बसत असतील तसे.

त्याच आठवड्यात आमच्या टीमची वर्षातून एकदा होणारी बैठक लोणावळ्यात होती. कंपनी आम्हाला आठवड्याच्या मधल्या दिवशी नेते, तेव्हा हॉटेल स्वस्त पडतं. बाकीचे पुण्याहून बसने येणार होते. मी तळेगावहून लोकलने गेले. घरून निघताना पप्पा आधीच लॅपटॉपसमोर जाऊन बसले होते.

“ये जाऊन,” ते म्हणाले. “तवर वाचतो मी.”

आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत त्यांनी बटण दाबलंही होतं. त्यांना वाटलं असेल मी बघतेय. मी बघतच होते.

लोकलमध्ये मी यादी उघडली. कामशेतपर्यंत उघडलीच नाही खरं तर, बाहेर बघत राहिले. वडगावच्या पुढे भाताची खाचरं पाण्याने भरलेली होती. मग उघडली. आवाजाचं पॅकेज होतं यादीत, मला ते माहीत होतं, कारण त्या यादीवरून पानाचा मसुदा मीच केला होता. या वेळी पर्याय बंद करायचा नव्हता. तो पर्यायच काढून टाकायचा होता. म्हणजे पानावरचं ते वाक्यही या वेळी नव्हतं. कारण: सांभाळणारी एकच व्यक्ती, वापर माहीत नाही, काही भाषांचा दर्जा खराब.

वापर माहीत नाही. तो कसा माहीत होणार, याचा मी पुष्कळ विचार केला होता. ज्याला दिसत नाही, ज्याला इंग्लिश येत नाही, त्याचा आवाज एका सकाळी गप्प झाला तर तो कुठे तक्रार करेल? आमचं तक्रारीचं पान इंग्लिशमध्ये आहे. तो कीबोर्ड पुसून ठेवेल आणि म्हणेल, माझंच बोट गेलं असेल. असे किती असतील? दहा असतील, हजार असतील, एकही नसेल. मला आजही माहीत नाही.

हॉटेल कुरवंड्याच्या रस्त्याला होतं. हॉलला मोठ्या काचा होत्या आणि काचांपलीकडे नुसतं धुकं. टेस्टिंगमधली मुलगी समोरच्या सुळक्याचा फोटो काढायला कॅमेरा घेऊन फिरत होती. फरशी पुसणाऱ्या बाईंना तिने विचारलं, “मावशी, इथून नागफणी दिसते ना?”

“दिसती की.”

“मग कुठंय?”

“हितंच हाय समोर. पर तुमी पैसं भरल्यात म्हणून ती धुकं सारून येनार न्हाई.”

सगळे हसले. मुलगी म्हणाली, “रिफंड मागू या का मग?” मावशी म्हणाल्या, “मागा. मला बी द्या थोडा,” आणि बादली घेऊन पुढे गेल्या. मीही हसले. मला ते छान वाटलं, आणि लगेच आठवलं की मी इथे कशासाठी आले आहे.

तसं पाहिलं तर मी काही ठरवून आले नव्हते. येताना मनात दोन्ही होतं. हरकत घ्यायची, अजून एक वर्ष मागायचं. आकड्यांमध्ये काहीतरी सापडेल, एखादा ध्वनिशास्त्राचा माणूस भेटेल, कोणी सांगावं. अजून एक वर्ष म्हणजे अजून तेवढे रविवार. आणि प्रत्येक रविवारी ‘आता?’ आणि ‘एक नंबर’. मी गप्प बसले तरी निकाल तोच होता. पण मग तो मी दिलेला नसता. गप्प बसणं मला चांगलं जमतं, आयुष्यभर मला जे काही मिळालं किंवा गेलं ते बहुतेक असंच, मी काही न म्हणता.

जेवणानंतर यादी सुरू झाली. सगळे पेंगुळलेले होते. लीड एकेक ओळ वाचत होते, थांबत होते, पुढे जात होते. एका छपाईच्या पॅकेजवर दोघांचा थोडा वाद झाला. एकाने हरकत घेतली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याच्या गळ्यात ते पॅकेज घातलं. “अभिनंदन, मुलगा झाला,” कोणीतरी ओरडलं. चहा आला. काचेवर धुकं तसंच.

मग लीडनी आमची ओळ वाचली. आणि नेहमीसारखे थांबले नाहीत. मान वर करून त्यांनी मला शोधलं. मी मागच्या रांगेत खांबाजवळ होते.

“हे तुझं आहे ना?” ते म्हणाले. “मागे तू ठेवायला लावलं होतंस. मी असंच काढणार नाही. तू म्हणशील तर ठेवू.”

ते चांगले आहेत. त्यांनी हे दयाळूपणे विचारलं, आणि त्यामुळे आणखी अवघड झालं. सगळे वळून बघायला लागले. टेस्टिंगमधल्या मुलीने माझ्या कोपराला हळूच ढोसलं, म्हणजे ‘माग, माग’. तिला पप्पांबद्दल माहीत नव्हतं. ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. मी घरचं काही सांगत नाही. वराळ्याला राहते एवढं सांगते, आणि लोक म्हणतात, अरे वा, तिकडे आता जागेचे भाव काय आहेत?

“चॅटवर टाकते,” मी म्हणाले, फार हळू.

“इथे चॅट कुठे आहे?” लीड हसले. “बोल की. कोणी वापरतं का हे? एक जरी खरा वापरणारा असेल तरी मी ठेवीन. तसं लिहू या पानावर.”

एक जरी. मला वाटलं होतं की आकडा मागतील, आणि आकडा माझ्याकडे नव्हता. एकच मागितला. तो माझ्याकडे होता. त्या क्षणी तो वराळ्याच्या घरात हेडफोन लावून बसला असेल, किंवा नसेलही, मी घरी नसताना काकांबरोबर ओट्यावर असेल आणि त्याला सगळ्या बातम्या नीट कळत असतील, तंबाखूच्या वासासकट. ‘हो’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. आमच्या घरात रोज ते पान वाचलं जातं. पप्पा रोज बटण दाबतात.

आणि ‘हो’ म्हटलं तर ते दाबतच राहतील. मी जोपर्यंत बांधत राहीन तोपर्यंत. ते मरेपर्यंत मला सांगणार नाहीत की यातलं काही कळत नाही.

‘नाही’ म्हटलं तर कुठेतरी दुसरा कोणी असेल त्याचंही जाईल, हेही माझ्या डोक्यात होतं. ज्याचा आवाज माझ्या पप्पांच्या मास्तरइतकाच वाईट वाजतो आणि जो तरीही त्यातून वाट काढून काहीतरी उचलतो. त्याला मी ओळखत नाही. त्याला मी पानावर साधं एक वाक्यही देऊ शकणार नव्हते.

हॉलमध्ये सगळे थांबले होते. कपबशा गोळा करणारा वेटरही थांबला होता. मी उभी राहिले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“वापरणारे एकच आहेत, माझे वडील,” मी म्हणाले, “आणि तेही फक्त माझं मन राखायला ऐकतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही. काढून टाका.”